कॉपी कुणाच्या हिताची?

(दहिवली, ता. कर्जत येथे पक्ष-कार्यकर्ते व महाविद्यालयीन विद्यार्थी ह्यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



परीक्षेतील कॉपी हा विषय राजकीय पक्षाच्या व्यासपीठावर कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. दळी जमिनींचे दावे, पाणी, खोपोलीकडच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगार हे आपले विषय; कॉपीचा बंदोबस्त प्राचार्यांनी आणि भरारी पथकाने करावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत मला बरोबर वाटत नाही. ज्या घरात जमीन नाही, दुकान नाही, भांडवल नाही, त्या घराला आपल्या हयातीत मिळविता येईल अशी एकच मालमत्ता ह्या देशात आहे आणि ती म्हणजे पदवी. ह्या मालमत्तेची किंमत कोण घटवितो, तिच्यावर दरोडा कोण घालतो, हा प्रश्न राजकीयच आहे.

ह्या विषयावर आपल्याकडे दोन ठराविक उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर शिस्तवाल्यांचे. त्यांच्या मते तरुण पिढी बिघडली आहे. पोलीस बसवा, कॅमेरे लावा, पोरांना तुरुंगात घाला. दुसरे उत्तर आपल्यातल्याच काही मंडळींचे असते. परीक्षाच मुळात अन्यायी आहे, इंग्रजी आणि क्लासेस परवडणाऱ्यांसाठी ती रचलेली आहे. तेव्हा गरिबाच्या मुलाने चार चिठ्ठ्या नेल्या तर त्यात एवढे आकाश कोसळण्यासारखे काय आहे, असे ते विचारतात. पहिले उत्तर निर्दय आहे. दुसरे दयाळू दिसते, परंतु माझ्या मते ते गरिबाला अधिक घातक आहे. ते का, हे आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

परीक्षा घेणारे विद्यापीठ

आपली महाविद्यालये ज्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत ते १८५७ साली स्थापन झाले. त्याचा नमुना होता लंडन विद्यापीठ. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवावयाचा, परीक्षा घ्यावयाची आणि पदवी द्यावयाची. विद्यापीठांनी स्वतः शिकवावे ह्याला वाट करून दिली ती १९०४ च्या कायद्याने. म्हणजे जवळजवळ अर्धशतकभर आपली विद्यापीठे ही केवळ परीक्षा घेणारी कचेरी होती. ज्ञानापेक्षा निकाल मोठा, ही सवय आपल्या उच्च शिक्षणाला जन्मापासूनच लागलेली आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८-४९ साली, डॉ. राधाकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाली तर आम्ही परीक्षेची सुधारणा सुचवू, अशा आशयाचा अभिप्राय दिला. त्याला आता पाऊणशे वर्षे होऊन गेली.

परंतु ह्याच परीक्षेकडे पाहण्याची दुसरीही एक दृष्टी आपल्या परंपरेत आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले ह्यांनी जे निवेदन दिले त्यात, सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि त्यावर चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांनी ठणकावून सांगितले. त्याच निवेदनात आणखी एक मुद्दा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. मुंबई विद्यापीठाने प्रवेश परीक्षेला खाजगी रीतीने अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यांना बसू दिले, ह्याचे जोतीरावांनी स्वागत केले आणि वरच्या परीक्षांनाही हीच सवलत द्यावी अशी अपेक्षा व्यक्त केली. ज्याला कॉलेजची फी परवडत नाही, ज्याला शहरात राहता येत नाही, त्याने घरी अभ्यास करावा आणि परीक्षेच्या दाराने आत यावे! परीक्षा हे बहुजनांसाठी उघडू शकणारे दार आहे, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, मागासलेले वर्ग इतर ऐहिक लाभांवर एक वेळ पाणी सोडतील, परंतु उच्च शिक्षणाचा हक्क सोडणार नाहीत, अशी भूमिका मांडली. उच्च शिक्षणाच्या दाराशी त्या वेळी परीक्षाच उभी होती आणि आजही तीच उभी आहे.

बैठक क्रमांकाचे मोल

मित्रहो, हॉलतिकिटावर जो बैठक क्रमांक छापलेला असतो त्याचा आपण कधी विचार केला आहे काय? उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला परीक्षार्थीचे नाव कळू नये, आडनावावरून जात कळू नये, गावावरून ऐपत कळू नये, म्हणून हा क्रमांक. चीनमध्ये सोंग राजवटीत, सुमारे हजार वर्षांपूर्वी, सरकारी परीक्षांच्या उत्तरपत्रिकांवरील नावे झाकीत असत; एवढेच नव्हे तर हस्ताक्षरावरून माणूस ओळखू येऊ नये म्हणून कारकुनांकडून उत्तरांच्या नकला करवून त्या परीक्षकांकडे पाठवीत. राजेशाहीतसुद्धा ह्या एका बाबतीत समानतेची किंमत लोकांना कळली होती.

आपल्या समाजात जन्मापासून मरणापर्यंत माणसाचे नाव, आडनाव आणि बापाचा पैसा विचारला जातो. सगळ्यांसाठी समान असलेले ते तीन तास हा त्याला एक छोटा अपवाद आहे. माथेरानच्या पायथ्याशी असलेल्या ठाकूरवाडीतील मुलगी आणि मलबार हिलवरचा मुलगा ह्यांची त्या तीन तासांपुरती एकच प्रश्नपत्रिका असते. त्या तीन तासांच्या आधीची वीस वर्षे विषम असतात, हे मला मान्य आहे. म्हणून तर राखीव जागांचे आपण समर्थन करतो. परंतु हा तराजूच मोडला, तर त्याच्या जागी दुसरा कोणता तराजू येतो? पदवीवरचा विश्वास उडाला की नोकरी देणारा पदवी पाहत नाही. मग तो कॉलेजचे नाव पाहतो, इंग्रजी बोलण्याची ढब पाहतो, ओळखीचे पत्र पाहतो. पदवी स्वस्त झाली की वशिला महाग होतो आणि वशिला कधीही गरिबाच्या घरी नांदत नाही. कॉपीने गरिबाच्या मुलाला कागद मिळतो, परंतु त्या कागदाची किंमत त्याच्या हाती पडण्यापूर्वीच शून्य झालेली असते.

वरून आलेली कॉपी

आता कॉपी मुळात करतो कोण, ते पाहू. चिठ्ठी नेणारा, मायक्रो झेरॉक्स नेणारा मुलगा पकडला जातो, त्याचे नाव लागते, त्याची परीक्षा रद्द होते. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासात परीक्षेतील गैरप्रकाराचे जे सर्वांत गाजलेले प्रकरण आहे त्यात चिठ्ठी नव्हतीच. १९८५ साली मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत तत्कालीन मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील-निलंगेकर ह्यांच्या कन्येच्या गुणांत फेरफार झाल्याचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ते नेले त्याच परीक्षेला बसलेल्या एका डॉक्टरने. न्यायालयाने कडक ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. मुख्यमंत्र्यांचा स्वतःचा हात त्यात किती, ह्याचा ऊहापोह पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत झाला. मला त्यातील एकच गोष्ट अधोरेखित करावयाची आहे. सत्ता ज्यांच्याजवळ आहे त्यांच्यासाठी उत्तरपत्रिकेत काय लिहिले ह्याला महत्त्व उरत नाही. गुणच बदलता येतात. कॉपीचे लोण समाजात खालून वर गेले, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण आठवावे.

ह्याच काळात दुसरी एक घटना घडली, तिची तेवढी चर्चा झाली नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील ह्यांच्या सरकारने अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षणात विनाअनुदान महाविद्यालयांना परवानगी दिली. देणग्यांचा सुळसुळाट इतका झाला की १९८७ साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. कायदा झाला, देणगी गेली नाही. तिने नावे बदलली. गुणवत्तेच्या यादीत नसलेला मुलगा पैशाच्या जोरावर वर्गात बसतो, हे ज्या पिढीने उघड्या डोळ्यांनी पाहिले, तिने प्रवेश विकत मिळतो तर उत्तर का नको, असे विचारले तर तिला आपण काय सांगणार?

विद्यापीठाबाहेर पाहिले तर हाच व्यवहार पुढे नोकरीच्या परीक्षांत शिरलेला दिसतो. २०२१ साली महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या भरतीची प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघडकीस आले; त्याचा तपास चालू असतानाच शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहाराचा धागा सापडला आणि राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. २०२२ साली ह्या पात्रता परीक्षेतील सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. ह्या आकड्याकडे कर्जत-खालापूरच्या नजरेने पाहा. पैसे देऊन पात्र ठरलेला शिक्षक शहरातल्या महागड्या शाळेत जात नाही. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत, वाडीवर, पाड्यावर जातो. कातकऱ्याच्या मुलाला अक्षरओळख होत नाही, तो चौथीत शाळा सोडतो आणि वीटभट्टीवर जातो, तेव्हा त्याच्या त्या नुकसानीत कुठल्या तरी कार्यालयात बदललेल्या गुणांचाही वाटा असू शकतो. कॉपीचा बळी परीक्षेच्या हॉलमध्ये नसतो. तो पुष्कळदा परीक्षेपर्यंत पोचतच नाही.

२०२४ च्या मे महिन्यात झालेल्या ‘नीट’ परीक्षेस तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. हजारीबाग आणि पाटणा येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले; परंतु देशभर सर्वत्र परीक्षा दूषित झाल्याचा पुरावा नाही, म्हणून फेरपरीक्षा नाकारली. न्यायालयाचा निर्णय आपल्या जागी आहे. परंतु कर्ज काढून मुलाला क्लासला घातलेल्या लातूरच्या, नांदेडच्या शेतकऱ्याच्या मनात जी शंका त्या उन्हाळ्यात शिरली, ती कोणत्या आदेशाने निघणार आहे?

उत्तर प्रदेशाचा धडा

ह्यावर कोणी म्हणेल की मग कडक कायदा करा. तोही प्रयोग ह्या देशात झाला आहे आणि त्यात समाजवादी म्हणविणाऱ्यांचीही एक भूमिका होती. ती आपण स्पष्टपणे पाहिली पाहिजे.

१९९२ साली उत्तर प्रदेशात कल्याणसिंह ह्यांच्या सरकारने कॉपीविरोधी कायदा केला. कॉपी हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा ठरला. परीक्षेला बसलेली पोरे पोलिसांनी उचलली, तुरुंगात टाकली. त्या वर्षी बोर्डाचे निकाल कोसळले. पुढच्या निवडणुकीत मुलायमसिंह यादव ह्यांनी हा कायदा रद्द करण्याचे आश्वासन दिले आणि सत्तेवर आल्यावर ते पाळले.

शाळकरी मुलाला बेड्या घालणारा कायदा अमानुष होता, ह्याविषयी माझ्या मनात शंका नाही. तो रद्द होणे योग्यच होते. परंतु तो रद्द करताना त्याच्या जागी काय ठेवले? ज्या शाळांत शिक्षक नव्हते तेथे शिक्षक दिले काय? परीक्षा केंद्रांचे ठेके घेणाऱ्यांना हात लावला काय? ते झाले नाही. मुलांची सुटका झाली आणि त्यांच्याबरोबर ठेकेदारही सुटले. गरिबाची बाजू घेणे म्हणजे त्याला कॉपीची मोकळीक देणे, असा जो अर्थ त्यातून लोकांच्या मनात रुजला त्याने समाजवादाचे नाव बदनाम झाले. समाजवादाला गरिबाच्या हातात खोटे नाणे द्यावयाचे नाही. खरे नाणे त्याच्यापर्यंत पोचवावयाचे आहे.

कायदा कुठे थांबतो

महाराष्ट्रातही कायदा आहे, आणि तो जुना आहे. विद्यापीठ, मंडळ व इतर परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा अधिनियम १९८२ सालचा. निलंगेकर प्रकरण त्यानंतरचे, आरोग्य भरतीचे प्रकरण त्यानंतरचे. केंद्राने २०२४ साली सार्वजनिक परीक्षांसाठी नवा कायदा लागू केला. त्यात एक शहाणपण आहे. त्याचा रोख परीक्षार्थीवर नसून प्रश्नपत्रिका फोडणाऱ्यांवर आणि टोळ्यांवर आहे. संघटित गुन्ह्याला पाच ते दहा वर्षांचा तुरुंगवास आणि किमान एक कोटी रुपये दंड आहे. परंतु तो केंद्राच्या भरती आणि प्रवेश परीक्षांपुरता आहे. कर्जतच्या मुलाच्या बी.कॉम.च्या पेपराला त्याचा स्पर्श नाही.

नांदेड जिल्ह्यात २०१० च्या सुमारास तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी ह्यांनी कॉपीमुक्तीची मोहीम राबविली. पहिल्या फटक्यात दहावी-बारावीचे निकाल धाडकन खाली आले. ह्या खाली आलेल्या निकालाला मी मोहिमेचे खरे यश समजतो. इतकी वर्षे वर्गात काय चालले होते, ते त्या आकड्याने उघड केले. कॉपी बंद केल्याने मुले अडाणी झाली नाहीत; त्यांना शिकविलेच गेले नव्हते, एवढे कळले. कायद्याचे काम येथवर. तो परीक्षेच्या हॉलचे दार राखू शकतो. वर्गाचे दार उघडणे हे त्याचे काम नाही.

वर्ग रिकामा, केंद्र भरलेले

तेव्हा आपल्या वर्गाकडे वळू. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील किती मुले सकाळची लोकल पकडून कल्याण-उल्हासनगरला कॉलेजला जातात, किती जण खोपोलीच्या कारखान्यात पाळी करून पदवीचा अभ्यास करतात, किती जण फार्महाऊसवर राखणदारी करीत पुस्तक उघडतात, हे आपण रोज पाहता. बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलापुढे एकाएकी इंग्रजीतले पाठ्यपुस्तक येते. सत्र पद्धतीमुळे दर सहा महिन्यांनी परीक्षा. शिकविणारा प्राध्यापक तासिका तत्त्वावर. त्याला सुट्टीत पगार नाही, पुढच्या वर्षी काम मिळेल की नाही ह्याची शाश्वती नाही. कायम पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत. अभ्यासक्रम अर्धा होतो आणि उरलेला ‘अपेक्षित प्रश्नसंच’ पुरा करतो. गाईड पाठ करून लिहिणारा विद्यार्थी उत्तीर्ण होतो आणि तेच पान खिशातून काढणारा गुन्हेगार ठरतो. दोघांच्याही डोक्यात विषय शिरलेला नसतो.

विद्यापीठाने स्वतः तरी उत्तरपत्रिकेचा मान राखला काय? २०१७ साली मुंबई विद्यापीठाने पुरेशी तयारी न करता संगणकावर तपासणी सुरू केली. निकाल महिनोन् महिने लांबले, विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश हुकले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून दूर करावे लागले. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, घरबसल्या बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा झाली. उत्तरे व्हॉट्सॲपवर फिरत होती आणि ते सर्वांना ठाऊक होते. ज्याच्याजवळ चांगला फोन आणि मोठा मित्रपरिवार त्याला गुण. वाडीवर ज्याला रेंज नाही तो मागे. गैरप्रकारातही समान संधी नसते, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले.

ही सर्व कारणे मी सांगितली ती कॉपी करणाऱ्याला निर्दोष ठरविण्यासाठी नव्हे. त्याच वर्गात, त्याच लोकलने येणारी, त्याच अडचणींतली एक मुलगी चिठ्ठी न नेता लिहीत असते आणि नापास होऊन एटीकेटी घेते. कॉपीला सहानुभूती दाखविताना आपण त्या मुलीला काय सांगतो? तिच्या प्रामाणिकपणाला मूर्खपणा ठरवितो. आपली पहिली निष्ठा तिच्याशी असली पाहिजे.

आपण काय करायचे

काही कामे सरकारकडून करवून घ्यावयाची आहेत. प्राध्यापकांची रिक्त पदे कायम स्वरूपात भरली पाहिजेत. मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा कागदावर आहे तेथे तिला पुस्तकांची जोड मिळाली पाहिजे. प्रश्नपत्रिका पाठांतर तपासणारी न राहता समज तपासणारी व्हावी. पुस्तक जवळ ठेवून लिहावयाची परीक्षा हा त्याचा एक मार्ग आहे, कारण जेथे पुस्तक उघडण्यास परवानगी आहे तेथे चिठ्ठीला अर्थ उरत नाही. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहिती अधिकाराखाली परीक्षार्थीला आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिलेला आहे. हा हक्क किती विद्यार्थ्यांना माहीत आहे? त्याचे अर्ज भरून देण्याचे काम आपल्या शाखांनी उद्यापासून करावे.

काही कामे आपली आहेत. ह्या मातीत त्यांना आधार आहे. माथेरानचे भाई कोतवाल कायदा शिकलेले होते. त्या पदवीच्या जोरावर त्यांना सुखाने वकिली करता आली असती. त्यांनी खेड्यापाड्यांत शाळा काढण्याचे काम अंगावर घेतले, सावकारीविरुद्ध शेतकरी उभा केला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील ह्यांच्यासह प्राण दिले. पदवी कशासाठी असते ह्याचे उत्तर शोधण्यास कर्जतच्या माणसाला दूर जावे लागत नाही. आपल्यातल्या प्रत्येक पदवीधराने आठवड्यातले दोन दिवस एका वाडीवर अभ्यासिका चालविली, इंग्रजीची आणि हिशेबाची भीती घालविली, तर भरारी पथकाने होणार नाही एवढे काम होईल.

आणि शेवटची गोष्ट, जी सांगावयास सर्वांत अवघड आहे. परीक्षेच्या दिवसांत गावातला कोणी तरी आपल्या कार्यकर्त्याकडे येतो. “साहेब, पोराचा पेपर आहे, केंद्रप्रमुखांना जरा फोन करा.” तो माणूस मोर्चाला आलेला असतो, मतदानाला येणार असतो, गरीब असतो. त्याला नाही म्हणणे जड जाते आणि फोन होतो. त्या एका फोनने आपण त्या केंद्रावर बसलेल्या प्रत्येक बिनओळखीच्या मुलाच्या विरुद्ध उभे राहतो. वरचा मंत्री आणि खालचा कार्यकर्ता ह्यांत मग केवळ टेलिफोन कुणाचा मोठा, एवढाच फरक उरतो.

म्हणून ह्या तालुक्यापुरता तरी आपण एक निश्चय करू या. आपल्या पक्षाचा एकही कार्यकर्ता परीक्षेसाठी, गुणांसाठी, पुनर्तपासणीसाठी कुणाचीही शिफारस घेऊन जाणार नाही. स्वतःच्या मुलाची तर नाहीच. मागायला आलेल्या बापाला परत पाठविताना त्याच्या मुलाला अभ्यासिकेत घेऊन येण्याचे निमंत्रण द्यावे आणि ती अभ्यासिका खरोखरच चालू असावी. ह्याने आपली चार मते जातील. जाऊ द्यात. परंतु ज्या दिवशी ठाकूरवाडीतली मुलगी आपल्या बैठक क्रमांकावर विश्वास ठेवून पेपर लिहील, त्या दिवशी आपण तिच्या बाजूचे आहोत, हे तिला भाषण करून सांगावे लागणार नाही.